पाय धुणाऱ्या मार्थाबाई

मार्थाबाई रोज सकाळी आमच्या ओटीच्या पायरीवर येऊन बसत आणि माझे वडील त्यांना रोज शिव्या देत. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशीही त्या आल्या, तेव्हा लाज बाईंना नाही की आमच्या घराला, हेच मला कळेना.

न्हावा शेव्याच्या अलीकडे, खाडीकाठी आमचं आगरी गाव. सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी नुकतीच गावच्या शाळेत शिक्षिका झाले होते. मार्थाबाई नगरकडच्या, मिशनच्या नर्स. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. मिठागरात उभं राहून लोकांचे पाय फाटत, चिघळत. बाई ते कोमट पाण्याने धूत, मलम लावून पट्टी बांधत. एवढंच. पण ख्रिस्ती करताना पाणी लावतात, असं आमच्या शहाण्या पंचांनी कुठूनसं ऐकलेलं. झालं! बाईने पाय धुतला की माणूस बाटला, असं ठरवून मोकळे! मग लोक लपूनछपून जात आणि म्हणत, "पानी नको लावू बाय, नुसता मलम दे." चिखलावर मलम लावून काय होणार, कपाळ?

वडिलांच्या पायात कालवाची शिंप घुसली होती. पाय सुजून काळानिळा झाला, घरभर वास सुटला, तरी त्यांचं एकच. "सडला तरी चालंल, पन धरम नाय देनार!" जणू कुणी मागायलाच आलं होतं.

बाराव्या दिवशी बाई म्हणाल्या, "पाणी तुमच्या विहिरीचं घ्या, दादा. ओतू द्या वहिनींना. मी पाण्याला बोट लावत नाही. मग तर झालं?" वडील काही बोलायच्या आत आईने तपेलं उचललं. पुढे पनवेलला दोन बोटं कापावी लागली, पण पाय वाचला. तेव्हापासून गावात तीच रीत पडली. घरच्या बाईने पाणी ओतायचं, मार्थाबाईंनी पट्टी बांधायची. "आपलं काम पायापुरतं," त्या म्हणत. "मनाचं बघणारा वर बसलाय. त्याच्या कामात मी कशाला नाक खुपसू?"

दोन वर्षांनी मिशनचे साहेब जीपमधून आले. पारावर सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "सात वर्षांत किती कुटुंबं प्रभूकडे आली?"

"एकही नाही."

"मग इथे करता काय तुम्ही?"

"पाय धुते, साहेब."

साहेबांना ते कमी वाटलं. मला अजून वाटतं, त्यांचा पाय सडायला हवा होता! मग ते गावाकडे वळले. "बाई इथे हव्यात, असं एकाने जरी म्हटलं तरी दवाखाना ठेवतो. बोला."

पारावर शंभरेक माणसं होती. बोलेल तो बाटलेला, हे पंचांनी सकाळीच घरोघर सांगून ठेवलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. वडील खाली बघत राहिले. आणि मी? मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी! माझी सोयरीक ठरली होती. मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

बाई सामान बांधत होत्या तेव्हा मी गेले. रडत म्हटलं, "बाई, मी बोलायला हवं होतं."

मला वाटलं, त्या पाठीवरून हात फिरवतील.

"हो, हवं होतंस," त्या म्हणाल्या. मग पट्ट्यांचा डबा माझ्या हातात दिला. "उद्या मिठागरातल्या गोमाचा पाय बघ. पाणी उकळून घे."

दुसऱ्या दिवशी मी गोमाचा पाय धुतला. मास्तरीण बाटली, अशी गावभर बोंब झाली आणि आठ दिवसांत माझी सोयरीक मोडली. तीच मी पारावर बोलून मोडली असती, तर बाई राहिल्या असत्या.