पायथ्याचा दगड

बोलिव्हियातल्या डोंगराळ प्रांतात खिंडीखिंडीत दगडांची रास दिसते. वाटसरू तिच्यावर एक दगड ठेवतो आणि चढणीचा शीण तिथेच सोडून पुढे जातो. धापा टाकत वर पोचल्यावर मीही पायाशी पडलेला एक दगड उचलला.

बटाट्यांचं गाठोडं पाठीवर घेतलेली एक म्हातारी शेजारी उभी होती. ती हसून म्हणाली, “तो नको गं. तो कुठे चढून आलाय? दगड पायथ्यापासून आणायचा असतो.” मग मुठीतला, घामाने ओला झालेला आपला दगड तिने हलकेच राशीवर ठेवला.

कुणाच्या सांत्वनाला गेले, कुणाची माफी मागितली, तेव्हाही मी शब्दांचे असेच जागेवरचे दगड वाहिले होते.

मी हातातला दगड होता तिथे परत ठेवला.