आतल्या माणसाचा ठोका

माझ्या ताईचा नवरा आणि मी एकाच कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचो. खरं सांगायचं तर दुरुस्ती भावोजी करायचे आणि मी लिफ्ट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. ते मला ‘कुकर’ म्हणायचे, कारण माझी शिटी कधी वाजेल याचा नेम नसे. कंपनीतले लोक त्यांना ‘कासव’ म्हणायचे. एक बोल्ट घट्ट करायचा तर आधी हात लावून बघतील, मग बॅटरीच्या उजेडात बघतील, मग पाना लावतील, आणि सगळं झाल्यावर पुन्हा एकदा हात लावतील. माझा जीव वर-खाली व्हायचा. पण त्यांच्या हाताखाली कधी कुणाला साधं खरचटलंही नाही, हे मला मान्य करावं लागतं.

जुन्या लिफ्टचं काम असं असतं. एकजण डब्याच्या छतावर, शाफ्टच्या, म्हणजे लिफ्टच्या उभ्या विहिरीच्या, अंधारात उभा राहतो. दुसरा वर मशीनरूममध्ये हाताने ब्रेक सोडतो आणि चाक फिरवून डबा हलवतो. शाफ्टमध्ये हाक मारली तर आवाज इतका घुमतो की शब्द कळत नाही, आणि फोनला रेंज नसते. म्हणून पान्याने लोखंडी रुळावर ठोके मारायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे खाली घे. आत भावोजी असायचे, वर मी. आणि त्यांचा एक नियम होता, त्यावर मी हजार वेळा वाद घातला असेन. काय करायचं ते आत असलेला माणूस ठरवणार. वरच्याला कितीही वाटो की आपल्याला जास्त कळतं, ठोका आल्याशिवाय त्याने हात हलवायचा नाही.

लिफ्टमध्ये कुणी अडकलं की त्यांचं वेगळंच काम सुरू व्हायचं. मी पळत मशीनरूमकडे जायचो आणि ते बंद दारापाशी बसायचे. “मी इथेच आहे, दाराला हात लावू नका,” एवढं सांगायचे आणि थोड्या थोड्या वेळाने दारावर एक टिचकी मारायचे. आतल्या माणसाने उलट टिचकी मारायची. अडकलेला माणूस डबा पडल्याने मरत नाही, तो घाबरून दार फोडायला जातो आणि मरतो, असं त्यांचं म्हणणं.

हे ठोके त्यांनी घरीही नेले होते. ताई स्वयंपाकघरातून कटकट करायला लागली की बाथरूममधून दारावर एक ठोका यायचा. ताई म्हणायची, “बघ रे, बोलायचेसुद्धा कष्ट नकोत यांना!” आणि खरोखर थांबायची. भांडण झालं की दोघांचा अबोला असायचा, पण जेवायला बोलवायचे ठोके चालूच. मला हसू यायचं.

आजाराची पहिली खूण मलाच दिसली. भर कामात त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, “ते दे.” काय ते? “ते रे, ते.” समोर पाना पडला होता आणि त्यांना पाना हा शब्द सापडेना. मी चेष्टा केली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाना उचलून त्यांच्या हातात दिला. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणं झाली, गोळ्या झाल्या. वर्षभर बरं चाललं होतं, आणि मग गाठ त्याच जागी परत आली. या खेपेला तिथे सुरी चालवली तर बोलणं कायमचं जाईल, असं सर्जनने सांगितलं.

तेव्हा एक डॉक्टरबाई भेटल्या. त्यांच्याकडे एक नवा उपचार होता. भावोजींच्या रक्तातून रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना ही गाठ ओळखायला शिकवायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या परत भावोजींनाच द्यायच्या. डोक्याच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवायची आणि तिच्यातून मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या.

“म्हणजे प्रयोगच ना?” मी फणकाऱ्याने विचारलं.

“हो, प्रयोगच,” त्या शांतपणे म्हणाल्या. “रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये ही पद्धत चांगली चालते. मेंदूच्या गाठीत अजून फार थोड्या लोकांना दिली आहे. काहींची गाठ लहान झाली. त्यातल्या काहींची परत वाढली. काहींना काहीच उपयोग झाला नाही. आणि धोका आहे. पेशी कामाला लागल्या की ताप येतो, मेंदूला सूज येऊ शकते.”

भावोजी शब्द शोधत म्हणाले, “आपलीच माणसं. ट्रेनिंग देऊन परत कामावर.”

“अगदी तसंच.”

“बंद करायचं बटण आहे?”

मला वाटतं, हा प्रश्न डॉक्टरबाईंना असा कुणी विचारला नसावा. “आहे,” त्या म्हणाल्या. “आधी इतर औषधं वापरतो. ती पुरली नाहीत तर स्टेरॉइड. त्याने सूज उतरते, पण आपण सोडलेल्या पेशीही झोपी जातात. पुन्हा जाग्या होतील याची खात्री नाही.”

“बटण कोण दाबणार?”

“मी. तुम्हाला साधी सूचनाही कळेनाशी झाली तर मी थांबणार नाही.”

भावोजींनी मान हलवली आणि ताईकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “आत मी असणार,” ते म्हणाले. एवढंच. ताईने पदर तोंडाला लावला, कारण तिला ते पुरतं समजलं होतं.

त्या स्टेरॉइडचं आणि ताईचं जुनं नातं होतं. पहिल्या आजारात भावोजी गुंगीत पडून राहायचे, आणि ती छोटी पांढरी गोळी दिली की काही तासांत उठून बसायचे, चहा मागायचे. वर्षभर ताईने ती गोळी वेळेवर, पोटात काहीतरी असल्याशिवाय नाही, अशी डोळ्यांत तेल घालून दिली होती. आता नव्या उपचारासाठी ती हळूहळू कमी करून बंद करायला सांगितलं. गोळी कमी झाली तसे भावोजी मंदावले, डोकं धरून बसायला लागले. ताई त्यांच्याकडे बघायची आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला सुचत नसे.

पेशी काढल्या, त्या तयार होऊन यायला काही आठवडे गेले. त्या काळात गाठ वाढते की काय या धास्तीने आमचा जीव टांगणीला लागला होता. मी दोनदा डॉक्टरबाईंना फोन करून वाकडं बोललो. शेवटी पेशी आल्या. चमचाभर गढूळ पाणी, दिसायला काहीच नाही. डबीत सुई घालून त्यांनी ते सोडलं आणि भावोजी म्हणाले, “झालं?”

ताप दुसऱ्या दिवशी चढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, अपेक्षित आहे. सिस्टर ठरावीक वेळाने यायची, घड्याळ दाखवून विचारायची, हे काय? पेन दाखवायची, हे काय? एक वाक्य लिहायला सांगायची. सकाळी त्यांनी घड्याळ ओळखलं. दुपारी घड्याळाला ‘दार’ म्हणाले. त्यानंतर काहीच म्हणेनात. पेन हातातून सुटून गादीवर पडलं. दुसरी औषधं चालू होती, तरी उतार नव्हता. ऊन खिडकीतून सरकत पलंगाच्या पायाशी आलं तेव्हा सिस्टर म्हणाली, “काका, हात वर करा.” हात हलला नाही. उजवी बाजू तर दुपारीच गळाली होती.

डॉक्टरबाई आल्या, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, पुन्हा सांगून पाहिलं. “तासाभराने मी परत तपासते. तेव्हाही सूचना कळली नाही तर स्टेरॉइड सुरू करणार,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. भावोजींचे डोळे अर्धवट उघडे, ओठ कोरडे, श्वास मात्र जोराचा. ताईने पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून तिने गोळ्यांची अर्धी पट्टी काढली आणि मी ओळखली. तीच पांढरी गोळी.

“ताई, हे तू जवळ ठेवलंस?”

“तासाभराने देणारच आहेत ना?” ती कुजबुजली. तिचा आवाज ओळखू येईना. “मग हा एक तास त्यांना कशाला तळमळू द्यायचं? वर्षभर मीच देत होते. मला माहीत आहे कसं देतात ते.”

मी तिला अडवायला हवं होतं. पण समोर माणूस आमच्या डोळ्यांदेखत विझत होता आणि मला त्या डॉक्टरचा, त्या पेशींचा, सगळ्या शहाण्यांचा राग राग येत होता. “दे,” मी म्हणालो. “मी दारावर लक्ष ठेवतो.”

तिने गोळी चमच्यात चुरडली, वर थोडं पाणी घातलं. एका हाताने भावोजींची मान जराशी उचलली आणि चमचा ओठांपाशी नेला.

ठक.

पलंगाच्या कठड्यावर आवाज झाला. डावीकडून. त्यांचा डावा हात कठड्याला टेकलेला होता, बोटात लग्नातली अंगठी. ताईचा चमचा तिथेच थांबला. मी दारातून वळून बघत राहिलो. हात नुसता आपटला असेल, मी मनात म्हटलं. तापात हातपाय झटकतातच. भावोजींच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

ताईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग अगदी सावकाश, त्यांच्याच कासवाच्या चालीने, चमचा पुन्हा पुढे नेला.

ठक.

एकच. स्वच्छ. शाफ्टमधून यायचा तसा.

ताईने चमचा मागे घेतला आणि तिच्या हातातून तो खाली पडला. मी डॉक्टरबाईंना आणायला पळालो. धावताना स्टूल लाथाडलं, कुणाच्या तरी अंगावर आदळलो, मला काही भान नव्हतं.

डॉक्टरबाई आल्या. ताईने आधी पट्टी त्यांच्या हातात ठेवली आणि काय करणार होती ते सांगून टाकलं. बाई भडकल्या. “ते पाणी श्वासनळीत गेलं असतं म्हणजे?” त्या ओरडल्या, आणि ते बरोबरच होतं. मी पहिल्यांदाच कुणाचं तरी ओरडणं मुकाट ऐकून घेतलं. मग त्या भावोजींवर वाकल्या.

“काका, दोनदा ठोका.”

बोट उचललं गेलं, अंगठी वाजली. ठक. मग बराच वेळ काही नाही. ठक.

“आता तीनदा.”

तीन आले. तिसरा जेमतेम.

डॉक्टरबाई सरळ झाल्या. “यांना कळतंय सगळं,” त्या म्हणाल्या. “आत आहेत. फक्त बाहेर येता येत नाहीये.”

“अडकलेत,” ताई म्हणाली.

“हो. अडकलेत.” बाईंनी डबीतून थोडं पाणी काढून दाब कमी केला, औषधाचा आणखी एक डोस दिला. “स्टेरॉइड आत्ता नाही. पण ठोके थांबले तर त्याच क्षणी. मी बाहेरच बसते.”

ताई स्टूल ओढून कठड्यापाशी बसली. तिने नखाने एक टिचकी मारली. जरा वेळाने उलट टिचकी आली. मग ती तिथून उठलीच नाही. थोड्या थोड्या वेळाने टिचकी, आणि मग वाट पाहणं. कधी उत्तर लगेच यायचं, कधी आता येणारच नाही असं वाटेपर्यंत यायचं नाही. त्या रात्रीचं मी जास्त सांगत नाही. सकाळी ताप उतरायला लागला, आणि त्यानंतर दोन दिवसांनी भावोजींनी घड्याळाला घड्याळ म्हटलं.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान झालेली होती. मी डॉक्टरबाईंना मिठीच मारणार होतो, पण त्यांनी हात वर केला. “किती टिकेल ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “खोटं सांगणार नाही.” त्यानंतर भावोजींना आणखी दोनदा पेशी दिल्या. आता ते घरी आहेत. काठी घेऊन चालतात, बोलताना शब्द अडतात, आणि मी घाईने वाक्य पुरं केलं तर रागावतात.

त्या दिवसातलं त्यांना काहीच आठवत नाही. परवा जेवणं झाल्यावर ताईने सगळं सांगितलं, चमच्यासकट. इतके दिवस तिच्या पोटात ते साचलं होतं. मला वाटलं, ते तिचा हात हातात घेतील किंवा निदान डोळे तरी पुसतील. पण कासव ते कासवच.

“पहिला ठोका ऐकलास ना?” त्यांनी विचारलं. “मग चमचा... पुन्हा का नेलास?”

“खरंच तुम्ही आहात का ते बघायचं होतं.”

“आणि दुसऱ्यांदा नसतं ठोकलं?”

“पाजली असती,” ताई म्हणाली.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, “कुकर, हिला मशीनरूममध्ये... नेऊ नकोस.”

मी फिस्सकन हसलो. ताईही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत ती आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. पुढचा स्कॅन येत्या आठवड्यात आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि सकाळपासून कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. भावोजींनी डावा हात टेबलावर ठेवला आणि अंगठीने एक ठोका मारला.

ताई थांबली. डोळे पुसून तिने त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि उलट टिचकी मारली.