चाकाच्या रेषेबाहेर

बोळिंजहून अर्नाळ्याकडे जाताना एका नियोजित गृहसंकुलाची कमान लागते. कमानीवर प्लास्टरचे दोन सिंह आहेत. आत गुळगुळीत डांबरी रस्ते आहेत, रस्त्यांना ऐटबाज वळणं आहेत, आणि इमारत एकही नाही. बिल्डरचं कुणाशी तरी कोर्टात बिनसलं, तेव्हापासून सिंह मोकळ्या जागेवर पहारा देतात. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही कार्ट पळवायचो. कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांची चौकट, चार छोटी चाकं, सीटच्या मागे पाण्याच्या पंपाचं इंजिन, आणि जमिनीला जवळजवळ टेकून बसलेला, बहुधा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ.

‘आम्ही पळवायचो’ ही अतिशयोक्ती झाली. मी कधी पळवली नाही. मी तांत्रिक समिती होतो. समितीत मी एकटाच होतो, पण आमच्या कार्ट मंडळाच्या अध्यक्षांना त्यात काही वावगं वाटत नसे. ते जागांच्या खरेदी-विक्रीत होते; एखाद्या गोष्टीला मोठं नाव दिलं की ती निम्मी उभी राहिली, असा त्यांच्या धंद्याचा अनुभव असावा. शर्यतीआधी सत्कार होत. शाल, नारळ, माइक. कार्ट थोड्या आणि मार्शलची चकाकती जाकिटं जास्त. वारा अर्नाळ्याकडून असला की भाषणांच्या मध्येच सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा. कार्यक्रमाचा तेवढा भाग मला खरा वाटायचा.

समितीचं काम सोपं होतं. प्रत्येक गाडी तपासायची आणि ठीक असेल तर तिच्या नाकावर हिरवी गोल टिकली चिकटवायची. आयुष्यभर मी एका फाउंड्रीत ओतीव माल तपासला. निवृत्त झाल्यावरही कुणाला तरी माझं मत हवं आहे, ही गोष्ट मला आवडायची. मी एकटा राहतो. त्यामागे काही कहाणी नाही. लग्न राहून गेलं, आणि मग राहूनच गेलं. घरात पुस्तकं भरपूर आहेत, पण ती उलटून बोलत नाहीत.

उलटून बोलणारा एकच मित्र होता, उमेळ्याचा. माझ्याच वयाचा, केळीची वाडी असलेला. रविवारी तो टेम्पोत कार्ट घालून माझ्या गेटपाशी यायचा, मला घ्यायचा, आणि शर्यत संपली की थेट त्याच्या घरी न्यायचा. वहिनी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढायच्या. सुरुवातीला तो माझ्याशी शाळेतली मराठी बोलायचा आणि वहिनींशी त्यांची घरची बोली. मग कधीतरी माझ्यासाठी भाषा बदलायचं विसरला. मला त्यातलं बरंचसं कळायचं, काही कळायचं नाही. न कळलेलं मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो पुन्हा शाळेत गेला असता.

एका पावसाळ्यानंतर त्याने वडिलांचं जुनं पंपाचं इंजिन खोपटातून बाहेर काढलं. वाडीतल्या बावखलाचं, म्हणजे खोदलेल्या तळ्याचं, पाणी त्या इंजिनाने वर्षानुवर्षं खेचून केळींना पाजलं होतं. विजेची मोटर आली तसं ते बाजूला पडलं, पण दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. वडील आदल्या दिवशी इंजिन पुसायचे, त्याच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जड फ्लायव्हीलला लाल ऑइलपेंटचा नवा हात द्यायचे, मग हळदकुंकू, झेंडूची माळ. वडील गेल्यावर मित्राने रंगाचा क्रम चालू ठेवला. थर चढून चढून चाकाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. येत्या दसऱ्याच्या शर्यतीत आपण याच इंजिनावर धावायचं, असं त्याने ठरवलं.

पंपाच्या इंजिनाला गव्हर्नर असतो. ठरलेल्या वेगापलीकडे तो इंजिनाला जाऊ देत नाही. शर्यतीसाठी सगळे तो काढून टाकत, आणि मग मी सगळ्यांना पोलादी फ्लायव्हील बसवायला लावायचो. बिडाचं चाक पंपाच्या वेगाला जन्मभर टिकतं. त्याच्या दुप्पट वेगाने फिरवलं आणि पोटात कुठे बारीक तडा असला, तर ते फुटतं. पोलाद आधी वाकून दाखवतं. बीड काही न कळवता जातं. आणि कार्टमध्ये ते चाक माणसाच्या कोपरापासून वीतभर अंतरावर असतं.

“हे चाक खरवडावं लागेल,” मी त्याच्या अंगणात म्हणालो. तो त्याच्या बोलीत बोलला. ती मला लिहिता येत नाही, म्हणून नुसता अर्थ देतो.

“कशाला?”

“रंगाखाली काय आहे ते दिसत नाही.”

“रंगाखाली चाक आहे.”

“तडा असला तर?”

“बाबांनी तड्याला इतकी वर्षं कुंकू लावलं असेल का?”

“त्यांनी रंगाला कुंकू लावलं. तडा असेल तर तो त्यांनाही दिसला नसेल.”

हे मी बोलायला नको होतं, पण चूक नव्हतं. वहिनी चहा ठेवून आत गेल्या.

चाक सोडवून आम्ही आंब्याच्या फांदीला दोरीने टांगलं. कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तसं बीडही वाजवून बघता येतं. धड असेल तर घंटेसारखं वाजतं. मी हातोडीने टिचकी मारली. उशीवर थाप मारल्यासारखा आवाज आला.

“रंगामुळे,” तो म्हणाला.

“असेल. म्हणूनच खरवडू.”

“बाबांचा हात आहे त्याच्यावर. तू पत्र्याने घासणार?”

“मग पोलादी चाक बसव आणि हे घरात ठेव.”

“मग ते बाबांचं इंजिन कसलं?”

“तर गव्हर्नर परत लाव.”

“आणि वरातीत चालवू?”

आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर त्या विषयावर हसलो नाही.

प्रकरण मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं. तिथे धातुशास्त्राचे जाणकार इतके होते की आमची फाउंड्री बंद का पडली याचं मला आश्चर्य वाटलं. एका दंतवैद्याने लिहिलं, पूर्वीचं मटेरियलच वेगळं होतं. एकाच्या आजोबांच्या गिरणीचं चाक अजून फिरत होतं. ती गिरणी शर्यतीत धावत नाही, असं मी लिहिलं. त्यावर ‘सर, निगेटिव्ह नको’ आणि हात जोडलेली चित्रं आली. समितीला स्वतः गाडी चालवता येत नाही म्हणून ती दुसऱ्यांची अडवते, असंही कुणी म्हणालं. शेवटी अध्यक्षांनी मतदान ठेवलं: चाक सुरक्षित आहे का? माझं एक ‘नाही’, बाकी सगळे ‘हो’. निकाल बिडाला कळवण्याची सोय मात्र नव्हती. मित्राने मत दिलं नाही.

तरीही दसऱ्याच्या सकाळी त्याचा टेम्पो माझ्या गेटपाशी आला. रस्त्यात आम्ही केळीच्या भावावर बोललो. कमानीखाली सगळ्या गाड्या माळा घालून उभ्या होत्या. मी एकेकीला टिकली लावत त्याच्या गाडीपाशी आलो. चाकाला रंगाचा नवा हात दिलेला होता. ऑइलपेंटचा वास अजून गेला नव्हता.

“गव्हर्नर?” मी हळू विचारलं.

“काढलाय.”

“मग मला टिकली लावता येत नाही.”

अध्यक्ष माइकवर होते. समितीच्या मताचा पूर्ण आदर राखून मंडळ आपला विशेषाधिकार वापरत आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि स्वतः टिकली घेऊन आले. मित्राने गाडीच्या नाकावर हात ठेवला.

“राहू द्या. ती यानेच लावायची असते.”

मग तो माझ्याकडे वळला आणि बातम्यांतल्यासारख्या स्वच्छ मराठीत म्हणाला, “तुमचं बरोबर असेल, साहेब. आम्ही निघतो.”

साहेब तो मला पूर्वीही म्हणायचा, पण चिडवायला. त्याने कार्ट टेम्पोत चढवली, झेंडूच्या माळेसकट. ज्या टेम्पोत मी आलो होतो तो सिंहांखालून निघून गेला. मी रिक्षाने घरी आलो.

चाक फुटलं नाही, कारण ते धावलंच नाही. फुटलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. मी तडा पाहिला नव्हता, मी रंग पाहिला होता. मंडळाने पुढे नवी समिती नेमली. तीत दंतवैद्य आहेत. मी मात्र रविवारी सकाळी खाली उतरून गेटपाशी पेपर वाचायचो. टेम्पो येणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. मला कोवळं ऊन आवडतं अशी वॉचमनची समजूत होती, आणि ती मी मोडली नाही. फोन दोन्हीकडे होते. मी केला नाही, त्यानेही केला नाही.

उन्हाळ्यात डोळे तपासायला वसई रोडला गेलो होतो. परतताना रिक्षा उमेळ्यातून नेली; त्या बाजूने जायचं तसं काही कारण नव्हतं. त्याच्या वाडीच्या दोन्ही अंगांना आता इमारती चढताहेत. त्या मधल्या केळींतून एक आवाज आला, सावकाश, एकसारखा. गव्हर्नर लावलेलं इंजिन कसं बोलतं ते मला कळतं. मी रिक्षा सोडली.

लाइट गेली होती आणि तो पाणी सोडत होता. मला बघून म्हणाला, “या.”

वहिनींनी चहा आणला. “फार दिवसांनी,” म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

इंजिन पूर्वीच्या जागी बसवलं होतं. लाल चाक फिरत होतं. मी सवयीने त्याच्या रेषेतून बाजूला सरकलो. फिरतं चाक फुटलं तर ज्या रेषेत फिरतं त्याच रेषेत तुकडे जातात. फाउंड्रीत हे पायांना शिकवलेलं असतं. सरकलो तर तिथे एक प्लास्टिकची खुर्ची आधीच होती, तिच्यावर त्याचा टॉवेल. बावखलाकडे जाणारी जुनी पाऊलवाट चाकाच्या बरोबर समोरून जायची. तिच्यावर केळीचे बुंधे आडवे टाकलेले होते, आणि नवी वाट लांबून वळसा घालून गेली होती.

मी त्या बुंध्यांकडे बघतोय हे त्याने पाहिलं.

“तिकडे चिखल होतो,” तो म्हणाला.

वाट कोरडी ठणठणीत होती.

“होत असेल,” मी म्हणालो.

आम्ही चहा संपवला, दोघंही चाकाच्या बाजूला उभे राहून. खुर्चीवर कुणीच बसलं नाही. मी कप परत दिला तसा तो वाकून पाण्याचा पाट दुसऱ्या सरीकडे वळवू लागला.

“येत जा,” तो पाटाकडे बघत म्हणाला, त्या स्वच्छ मराठीत.

“येईन,” मी म्हणालो, आणि नव्या वाटेने, वळसा घालून, रस्त्यावर आलो.