गुरुवारचा रानगरुड

अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, मान जराशी तिरपी करायची आणि म्हणायचं, "मिलावट हाय." काकाजी म्हटलं की मला आधी हेच आठवतं. चिमटीत दर वेळी कापूस असायचाच असं नाही. दूध असो, हळद असो, शाळेत आलेला नवा मास्तर असो, चिमूट फिरायची आणि निकाल लागायचा.

तुमच्याही गल्लीत असा एखादा संशयी म्हातारा असेलच. पण आमच्या काकाजींना त्याच कामाचा पगार मिळायचा. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाचे पारखी होते. शेतकऱ्याची बैलबंडी कापूस भरून फाटकात आली की काकाजी तिच्यात कोपरापर्यंत हात घालत, तळातला पुंजका बाहेर काढत आणि दोन्ही चिमटींत ओढून धागा किती लांब आहे ते पाहत; धागा लांब तितका कापूस चांगला. वर चांगला कापूस रचून खाली कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस, भरणारे त्यांच्या तावडीतून सुटत नसत. भाव त्यांच्या बोटांवर ठरायचा, म्हणून त्यांच्याशी वाकडं बोलायची कोणाची छाती नव्हती.

माझे बाबा शाळामास्तर. आमची आणि काकाजींची भिंत एक. बाबा त्यांना सांगायचे, "मिलावट हा हिंदी शब्द झाला. भेसळ म्हणावं." काकाजी म्हणायचे, "भेसळ म्हना का मिलावट म्हना मास्तर, कापूस थोच."

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी चौकात बुंदीचे लाडू वाटले. मी तेव्हा चार वर्षांची, मला त्यातलं काही आठवत नाही, पण बाबा ही गोष्ट जन्मभर सांगत राहिले. काकाजींनी लाडू तोंडात टाकला, नीट चावला आणि म्हणाले, "स्वातंत्र्य खरं असन. लाडू तेलातला हाय."

त्यांच्या कपाळावर एक जुनी खोक होती, गोटमारीतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावरून आमचे लोक आणि त्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांना गोटे मारतात, हे तुम्ही ऐकून असाल. दुसरा कोणी असता तर सावरगावच्या नावाने बोटं मोडत बसला असता. काकाजी म्हणायचे, "थो गोटा सावरगावचा नव्हता. आपल्याच बाजूनं आला. मले शक हाय."

आता असा माणूस चित्रातल्या एका वीराच्या नादी लागला होता असं सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. मलाही आधी पटलं नव्हतं.

त्या वीराचं नाव रानगरुड. माझा नातू मोबाईलवर रोज उडणारी, पूल उचलणारी माणसं पाहतो, एक संपला की दुसरा तयार. आमच्या वाट्याला आठवड्यात फक्त सहा चौकटी यायच्या. नागपूरहून एक साप्ताहिक गुरुवारच्या पॅसेंजरने यायचं, त्याच्या शेवटच्या पानावर ही चित्रकथा. काळा मुखवटा, पांढरा घोडा, गळ्यात शिट्टी. सहाव्या चौकटीत रानगरुडाचा जीव हमखास धोक्यात असायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, 'पुढील अंकी'. त्या दोन शब्दांनी माझं बालपण खाल्लं म्हटलं तरी चालेल.

शाळा सुटली की मी स्टेशनवरून अंक घेऊन यायची आणि आमच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायची. शेजारच्या ओट्यावर काकाजी सुपारी कातरत बसलेले. सुरुवातीला ऐकत नसल्यासारखं करायचे. मग एक दिवस सुपारी थांबली आणि आवाज आला, "थांब वं पोट्टे. मागच्या खेपेले त्याचा घोडा लंगडत होता. आता पयून कसा राहिला?" त्या दिवसापासून ते आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. अंक आधी हातात घ्यायचे, कोपरा चिमटीत धरून घासायचे, मग मला परत द्यायचे. "वाच."

एकदा त्यांनी पान डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "घोडा बराबर काढला." पान उलटं होतं, घोड्याचे पाय वर. मी हसले, आणि मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहून हसू थांबलं. दोन्ही बुबुळांवर पांढरं आलं होतं. काकाजींनी अंक खाली ठेवला. "बापाले सांगजो नोको," म्हणाले. "जिनवाल्यायले तर बिलकुलच नोको."

मोतीबिंदू पिकला होता आणि हे गेलं वर्षभर बोटांवर कापूस पारखत होते. धाग्याची लांबी बोटांना कळते, डाग कळत नाहीत. त्यावर त्यांनी युक्ती काढली होती. बंडी आली की आधीच दरडावायचं, "कवडी किती घातली?" ज्याचा आवाज हलला त्याच्या बंडीत कवडी. गावाला वाटायचं काकाजी जास्तच संशयी होऊन राहिले. सबंध पांढुर्ण्यावर शक घेणाऱ्या माणसाला तेरा वर्षांच्या एका पोरीवर भरवसा ठेवावा लागला होता, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. मी कोणाला सांगितलं नाही. त्याचा मला केवढा ताठा होता.

मग राज्यांची वाटणी झाली. नागपूर, आमची कालपर्यंतची राजधानी, मुंबई राज्यात गेलं. आम्ही मराठी बोलणारे पांढुर्णा-सौंसरचे लोक मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला. काकाजींनी त्याच्या आधीपासूनच धोशा लावला होता, "पाह्यजो, हे लोक एक दिवस आपला अंकही बंद करतीन." मला राग यायचा. म्हाताऱ्याचं प्रत्येक वाकडं भाकीत खरंच का व्हावं?

दिवाळी झाली आणि त्या गुरुवारी अंक आला नाही. छापखाना बुडाला की इकडे पाठवणंच थांबलं, पेपरवाल्यालाही सांगता येईना. रानगरुड दरीवर दोराला लटकलेला, दोराचे पीळ एकेक तुटताहेत, पुढील अंकी. मी रिकाम्या हाताने घरी आले. काकाजी ओट्यावर होते. "आला काय अंक?"

"आला ना," मी म्हटलं. एकदा तरी त्यांचा शक खोटा पडावा, एवढंच माझ्या मनात होतं.

घरातून जुना एक अंक आणला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी कोपरा घासला. जरा जास्तच घासला असं मला वाटलं. मग अंक परत देऊन म्हणाले, "वाच."

झालं. तिथून दर गुरुवारी मी तोच जुना अंक समोर धरून मनचं वाचायला लागले. माझा रानगरुड दोरासकट खाली नदीत पडला. वाचला, पण मुखवटा वाहून गेला. मग तो कापसाच्या एका गावात बंडी हाकायला लागला, कारण मला बंडीखेरीज दुसरं काही माहीत नव्हतं. काकाजी वकिलासारखे प्रश्न विचारायचे. बैल कोणत्या रंगाचे? मागच्या गुरुवारी नदीला पाणी होतं, आज बंडी उतरली कशी? मी वहीत सगळं लिहून ठेवायला लागले, नाही तर पकडली गेले असते. एकदा त्यांनी विचारलं, "एवढ्या गावात त्याले कोनीच वळखलं नाही?"

"एकानं ओळखलं," माझ्या तोंडून निघून गेलं. "जिनमधल्या म्हाताऱ्या पारख्यानं. हात हातात घेतला न ओळखलं."

काकाजींनी अडकित्ता मिटून ठेवला. "म्हातारा बराबर हाय," एवढंच म्हणाले.

संक्रांत झाली आणि बाजाराच्या मैदानावर सिनेमाचा तंबू लागला. चौथ्या दिवशी बंडीवर फलक बांधून, ढोलकं वाजवत माणूस ओरडत गेला. रानगरुडावर मुंबईच्या कोणी तरी हिंदी सिनेमा काढला होता. खरी गोष्ट आता पडद्यावर दिसणार. काकाजींना कळणार की गेले कित्येक गुरुवार ही पोरगी आपल्याला बनवून राहिली. ज्यांनी आयुष्यात एकाच माणसावर भरवसा ठेवला, त्यांना कळणार की तिथंही मिलावट होती. मला ताप यावा म्हणून मी देवीला नारळ बोलले. आला नाही.

संध्याकाळचा पहिला खेळ. बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू यांच्यामध्ये कनात. काकाजी कनातीला लागून पलीकडे बसले, मी अलीकडे, आणि पडद्यावरचं त्यांना कुजबुजून सांगत होते. सिनेमातल्या रानगरुडाला दोरावरून एका बाईने वर ओढलं. मग दोघांनी गाणं म्हटलं. घोडा तपकिरी होता आणि रानगरुड शुद्ध हिंदीत बोलत होता. ना नदी, ना बंडी. मध्यंतराला कनातीपलीकडून हळूच आवाज आला, "आपला म्हातारा कवा येते?"

"येईल," मी म्हटलं. "पुढं येईल."

म्हातारा आला नाही. खलनायक मेला, लग्न लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना काकाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. पुढचे चार दिवस ते ओट्यावर दिसले नाहीत. मी चार दिवस धड जेवले नाही.

गुरुवारी आले. नेहमीच्या जागी बसले. हात पुढे केला. मी कबूल करायला तोंड उघडलं, तोवर ते म्हणाले, "थो पडद्यावरचा आपला नव्हता. मिलावट होती सारी. दे अंक." मी दिला. त्यांनी कोपरा घासला. "वाच."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं आणि मनातून थोडं हसूही आलं. एवढा मोठा पारखी, आणि फसला.

हंगाम सरता सरता जिनमध्ये त्यांचं बिंग फुटलं. मोहगावकडचा एक शेतकरी आला, बोलता न येणारा. त्याचा कापूस अवकाळी पावसात डागाळला होता आणि त्याने ते खुणा करून स्वतःच सांगितलं. काकाजींना खुणा दिसल्या नाहीत. आवाज हलायला आवाजच नव्हता. त्यांनी धागा ओढला आणि बंडी पहिल्या नंबरात घातली. शेतकरी प्रामाणिक, तो हातवारे करून नको नको म्हणत राहिला. फाटकातले सगळे पाहत होते. दुसऱ्या दिवशी काकाजींच्या जागी दुसरा माणूस उभा होता.

काकाजींची मुलगी नागपूरला असायची, ती त्यांना न्यायला आली. आम्ही स्टेशनवर गेलो. मुलगी बाबांशी बोलत होती. काकाजी बाकावर मांडीवर गाठोडं घेऊन बसलेले. "टिकट थेच, गाडी थेच," म्हणाले, "न म्हन्ते आता नागपूर दुसऱ्या राज्यात. मले शक हाय." सिग्नल पडला. मला आता राहवेना.

"काकाजी, दिवाळीपासून अंक येऊनच नाही राहिला."

"मालूम हाय."

"कवापासून?"

"पयल्या गुरुवारपासून. नवा कागद कडक असते, त्याले शाईचा वास येते. तू देल्ला थो चिंधी होता."

"मग बोलले काऊन नाही?"

काकाजींनी हवेतच चिमूट धरली. अंगठा बोटावरून सावकाश फिरवला. "मिलावट होती," म्हणाले. "पन धागा लांब होता."

गाडी आली. मुलीने त्यांना डब्यात चढवलं आणि मी फलाटावर सगळ्यांसमोर रडले. अंक बंद होणार हा त्यांचा शक खरा ठरला होता, आणि तो खरा ठरला हे त्यांनी माझ्यासाठी कोणाला कळू दिलं नव्हतं. तंबूत त्यांनी म्हाताऱ्याची चौकशी केली ती मात्र मुद्दाम, माझी गंमत पाहायला. मला शक आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात काकाजींच्या मुलीचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. मृत्यूची बातमी असली की कार्डाचा एक कोपरा फाडून पाठवायची आमच्याकडे रीत. बाबांनी ते न वाचताच माझ्या हातात दिलं. अशी कार्डं घरात ठेवत नाहीत, पण मी फळीवरून तो जुना अंक काढला. दर गुरुवारी काकाजींची चिमूट जिथे लागायची, तो कोपरा झिजून पार गेला होता. इतके महिने तो अंक मी डोळ्यांसमोर धरत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. कार्ड मी त्यातच ठेवलं.