पंख्याचा रेग्युलेटर आणि धुळ्याचं लग्न

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात एका कॉलनीच्या तोंडाशी युवराज बैसाणेचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंखे, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारी यांच्या गराड्यात तो दिवसभर बसलेला असतो. बायको वृषाली नर्स. तिची सकाळची पाळी असली की ती उजाडायच्या आत घराबाहेर पडते. त्यामुळे लेकीची, स्नेहलची सकाळ पहिल्यापासून युवराजच्याच वाट्याला आली. वेणी घालायला तो शिकला. नव्या कपड्यांची मानेला टोचणारी लेबलं आधी कापून टाकायची, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तिला सांगायचं, हेही त्याच्या अंगवळणी पडलं.

स्नेहल ऑटिस्टिक आहे हे ती लहान असतानाच कळलं होतं. ती मोजकं बोलते, पण जे बोलते ते नेमकं. गर्दी आणि अचानक झालेला आवाज तिला सोसत नाही. हे सगळं घराला सवयीचं होतं. ती नववीत गेली आणि वेगळंच सुरू झालं. शाळेची वेळ झाली की पोटात कळ यायची, हात गार पडायचे, छाती धडधडायची. कधी दारातच उलटी व्हायची. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं व्यवस्थित निघालं. नातेवाईक म्हणू लागले की पोरगी शाळा चुकवायला नाटक करते. युवराजही एकदोनदा वैतागून म्हणाला होता, "काही झालेलं नाही तुला, चल."

शेवटी वृषालीच्या ओळखीने ते मुलांच्या मनाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळे रिपोर्ट नीट पाहिले, स्नेहलशी निवांत बोलल्या आणि मग युवराजला म्हणाल्या, "तिचं पोट खरंच दुखतं. भीती तिला भीती म्हणून कळत नाही, पोट म्हणून कळते. काही झालेलं नाही, एवढं मात्र तिला म्हणू नका."

पुढे त्यांनी काही गोष्टी शिकवल्या. दिवसभरात काय होणार ते आधी सांगायचं. त्रास वाढू लागला की दोन्ही तळवे भिंतीला लावून जोरात रेटायचं आणि श्वास सावकाश सोडायचा. ज्याची धास्ती वाटते ते एकदम अंगावर घ्यायचं नाही, थोडं थोडं करत जायचं. आणि त्रास किती आहे हे रोज विचारायचं.

हे शेवटचंच अवघड निघालं. "किती दुखतंय?" असं विचारलं की स्नेहल गप्प बसायची. एकदा दुकानात युवराजने, आज शाळेत किती दुखलं, असं विचारलं. तिने टेबलावर पडलेला जुन्या पंख्याचा रेग्युलेटर उचलला, त्याचं बटण फिरवून चारवर आणलं आणि त्याच्यापुढे धरलं.

युवराजने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्याने विचारलं, "आणि सकाळी घरून निघताना?"

तिने बटण पाचवर नेलं. "आता इथे बसल्यावर?" तिने विचार करून दोनवर आणलं.

त्या संध्याकाळी त्याने रेग्युलेटर पुसून, वायरींची टोकं कापून तिच्या दप्तरात ठेवला. शाळेतल्या बाईंनाही जाऊन सांगितलं. आकडा चारवर गेला तर तिला थोडा वेळ वाचनालयात बसू द्यायचं असं ठरलं. सकाळी बापलेक दोघं मिळून भिंत रेटू लागले. तेवढ्यात एखादं गिऱ्हाईक घरी आलं तर युवराज म्हणायचा, "भाऊ, थांबा जरा, घर पडतंय." त्यावर स्नेहल गंभीरपणे सांगायची की घर पडत नाहीये. हळूहळू शाळा पुन्हा सुरू झाली.

अशातच धुळ्याहून युवराजच्या धाकट्या बहिणीचा, ज्योतीचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. आत्या म्हणजे स्नेहलचा जीव. ती लगेच म्हणाली, "मी येणार." आणि फोन ठेवल्यावर तिला उलटी झाली. धुळ्याला जायचं म्हणजे एसटी, आणि एसटीत ती कित्येक वर्षांत बसली नव्हती. वृषाली म्हणाली की गाडी भाड्याने करू. पण स्नेहलला बसनेच जायचं होतं, कारण आत्या कॉलेजात असताना बसनेच तिला भेटायला यायची.

मग युवराजने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं एसटीला लावलं. पहिल्या रविवारी ते जळगाव स्टँडवर उभ्या असलेल्या धुळे गाडीत नुसते बसले आणि गाडी सुटायच्या आत उतरले. कंडक्टरला युवराजने खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, बसा की, सीट कुठे झिजते. पुढच्या रविवारी पाळधीपर्यंत गेले, उसाचा रस प्यायले आणि परत आले. मग एरंडोल. तिथे स्नेहलने स्टँडवरच्या गाड्यांच्या पाट्या वाचून काढल्या आणि खूश होऊन घरी आली.

पारोळ्याच्या वेळी मात्र बिघडलं. बाजाराचा दिवस होता, गाडी खच्चून भरली होती. मागे कुणीतरी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावली होती. स्नेहलने रेग्युलेटर पाचवर नेला. युवराज तिला दाराकडे नेईपर्यंत उलटी झालीच. एका बाईने नाक मुरडून पिशवी उचलली, दुसरीने मात्र पाण्याची बाटली पुढे केली. पारोळ्याला उतरल्यावर युवराजने आधी परतीच्या गाडीची वेळ विचारून घेतली. आपण पोरीला उगाच छळतोय, असं त्याला वाटलं. त्याने मनातल्या मनात धुळं रद्दही करून टाकलं.

स्नेहल स्टँडच्या भिंतीला तळवे लावून उभी होती. बऱ्याच वेळाने तिने बटण दोनवर आणलं आणि म्हणाली, "पप्पा, मला उलटी झाली, पण बस थांबली नाही. आपण पारोळ्याला पोचलो."

युवराजला आधी कळलंच नाही. मग तो इतका हसला की शेजारच्या बाकावरचे आजोबाही हसायला लागले.

लग्नाच्या दिवशी तिघं सकाळच्या गाडीने निघाले. कानावर हेडफोन, खिडकीजवळची जागा, मांडीवर रेग्युलेटर. पारोळ्याला बटण तीनवर होतं, धुळ्याच्या स्टँडवर उतरताना एकवर. युवराजची आई कमलबाई मंगल कार्यालयाच्या दारातच उभी होती. तिने नातीला मिठी मारली नाही. मिठी स्नेहलला आवडत नाही, हे तिला माहीत होतं. लांबूनच हात जोडून, माझी नात आली, आता सगळं छान आहे, असं ती आपल्या अहिराणीत सगळ्यांना सांगत सुटली, "मनी नात उनी! आते बठ्ठं बेस शे."

लग्नाची बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा स्नेहलने हेडफोन काढला. एका लयीत चाललेले ते सूर तिला लहानपणापासून पाठ होते. पांढऱ्या साडीतल्या आत्याच्या मागे बसून तिने त्रिशरण, पंचशील अगदी स्पष्ट आवाजात म्हटलं. पुढच्या ओळीतल्या दोनचार जणी वळून पाहू लागल्या. वृषालीने डोळ्यांना पदर लावला.

बँड वाजायला लागला तशी स्नेहल आपणहून उठली. ज्योतीने तिच्यासाठी मागची एक खोली आधीच रिकामी ठेवायला सांगितली होती. युवराज तिच्यासोबत तिथे जाऊन बसला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि हार घातलेली नवरी आत आली.

"तिकडे सगळे नाचताहेत," ज्योती म्हणाली, "पण मला तुझ्याबरोबर नाचायचंय. आवाज किती ठेवू?"

स्नेहलने रेग्युलेटर एकवर आणला. ज्योतीने मोबाईलचा आवाज तेवढाच बारीक केला आणि आत्या-भाची नाचल्या. एकमेकींना हात न लावता, आपापल्या चालीने. नवरी कुठे गेली म्हणून शोधत आलेला नवरा दारातच थांबला, आणि त्यालाही आत घेतलं गेलं. नंतर वरण-बट्टीच्या पंगतीत स्नेहलने तूप मागून मागून घेतलं. पोट दुखण्याचं नाव नाही.

स्नेहल आता दहावीत आहे. परीक्षेच्या दिवसांत पोटात अजून कळ येते, एखाद्या सकाळी शाळा बुडते. युवराज तेव्हा दुकान उशिरा उघडतो आणि तिच्याशेजारी बसून राहतो. ज्योती सासरी सुरतेला आहे. तिने बोलावलंय आणि तिथे रेल्वेने जायचं आहे. येत्या रविवारी जळगाव स्टेशनच्या फलाटावर नुसतं बसून यायचं ठरलंय. या वेळी वृषालीनेही सुट्टी घेतली आहे. पोळ्यांबरोबर काय घेऊ, असं तिने विचारलं, तर स्नेहल म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी. जास्त घे. फलाटावर भूक लागते, असं आत्या म्हणते."