कागद वाळेपर्यंत

आमच्या इतिहास मंडळात सभासद व्हायला अर्ज भरावा लागत नाही. जुन्या दगडावरच्या अक्षरांचा ठसा घ्यायचा आणि कागद वाळून सुटला, की त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं. तोवर मागे उभं राहून ऐकायचं. मी जवळजवळ वर्षभर मागे उभी होते आणि मला ते बरं वाटत होतं.

मंडळात बहुतेक निवृत्त माणसं. शिक्षक, बँकेतले, एक औषधांचे दुकानदार. मी इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून दुकानदारकाका मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायचे आणि मग सगळेच म्हणायला लागले. कॉन्व्हेंट, चहा घेणार की टी? मी हसायचे. ते नाव चालू होतं तोवर आडनाव कोणी विचारत नव्हतं.

आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकलं की आमच्याकडे कोणालाही ते कळतं. पप्पांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं, विचारल्याशिवाय सांगू नकोस, विचारलं तर खोटं सांगू नकोस. या दोन्हींच्या मधल्या जागेत राहायची मला सवय झाली होती. मंडळात आले ते लेण्यांमुळे. घरचे बुद्धपौर्णिमेला लेण्यांवर वंदनेला जायचे आणि मी भिंतीवरची अक्षरं बघत बसायचे. ती वाचता यावीत, एवढंच होतं.

सायखेड्याच्या पुढे, गोदावरीकाठच्या एका गावात वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या कोणाच्या तरी आठवणीचा उभा दगड. वर घोडेस्वार, खाली अक्षरांच्या दोन ओळी. घोडेस्वाराला शेंदूर लावून गावाने त्याचा देव केलेला. आता तिथे देऊळ बांधायला घेतलं होतं आणि दगडाचा खालचा भाग सिमेंटच्या ओट्यात जाणार होता. त्याआधी ठसा घेतला नाही, तर त्या ओळी कायमच्या गेल्या असत्या. मंडळाने देवळाच्या कमिटीची परवानगी काढली. मंडळ नेहमी एवढंच करतं. कमिटीला भेटतं, चहा पितं आणि कामाला लागतं. दगडाला तेल कोण घालतं, हे कोणी विचारत नाही.

मंडळातल्या शिक्षकसरांनी ब्रश माझ्या हातात दिला. “आज तुम्ही,” ते म्हणाले.

दगडाला पाणी लावताना माझी बोटं गार पडली होती. ओला कागद चिकटवला, ब्रशने ठोकत तो अक्षरांच्या खाचांत बसवला, वरून शाईची पोटली फिरवली. मग सगळे नदीवरचा जुना घाट बघायला गेले. ज्याचा ठसा, त्याने कागद वाळेपर्यंत तिथे बसायचं, ही मंडळाची रीत. मी एकटी राहिले. समोर लिंबाखाली दोन माणसं देवळासाठी वाळू चाळत होती. ती मधूनमधून माझ्याकडे बघत होती.

थोड्या वेळाने एक म्हातारी आली. एका हातात तांब्या, दुसऱ्यात तेलाची वाटी.

“काय चिटकवलं गं देवाला?”

मी सांगितलं. कमिटीला विचारलंय, हेही सांगितलं.

“कमिटी येती का रोज तेल घालाया?” असं म्हणत तिने कागदाच्या कडेला हात घातला.

“आजी, नको,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. खालची अक्षरं सिमेंटमध्ये जाणार आहेत, कागद वाळला की आपोआप सुटेल, असं मी कसंबसं समजावलं. तिने हात मागे घेतला. काय लिहिलंय, म्हणून विचारलं. अजून माहीत नाही, पण बहुतेक याचं नाव असेल, मी म्हणाले.

“नाव हाय व्हय याला?” ती घोडेस्वाराकडे बघत राहिली. मग माझ्याशेजारी टेकली. “आन् तू कुनाची?”

“नाशिकची.”

“नाशिकमधी कुनाची? आडनाव काय?”

कागद मधोमध अजून ओला होता. काहीतरी दुसरं आडनाव सांगितलं असतं, तर तो निवांत वाळला असता. खरं सांगितलं आणि तिने ओढून काढला, तर दोन्ही ओळी गेल्या. तिने हाक मारली असती, तर वाळू चाळणारे आले असते. घाटाकडून कोणी येताना दिसत नव्हतं. 

मी आडनाव सांगितलं.

तिने दगडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “पानी तूच लावलं त्याला?”

“हो.”

तिने आमच्यामधली तेलाची वाटी उचलून पलीकडे ठेवली आणि नदीकडे बघत बसली. समोरची चाळणी थांबली. एका माणसाने बिडी पेटवली. ती आता हाक मारेल, आता मारेल, असं वाटत मी कागदाकडे बघत राहिले. ऊन त्याच्यावरून सरकलं. कड पांढरी झाली, मग मधला डाग आकसला.

“सुटला बघ,” ती म्हणाली.

मी कागद दोन्ही हातांनी काढून घेतला. ती उठली, अख्खा तांब्या दगडावर ओतला आणि जिथे कागद होता तिथे तळहाताने बराच वेळ चोळत राहिली. थोडी शाई झिरपली होती, ती घालवत असेल. रोजही धूत असेल. मी विचारलं नाही. मग तिने तेल घातलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मंडळी परत आली. सरांनी कागद गाडीच्या बॉनेटवर पसरला. अक्षरं स्वच्छ उठली होती. दुकानदारकाका म्हणाले, “वा, कॉन्व्हेंट!” सरांनी पेन्सिल पुढे केली.

“कोपऱ्यात. पूर्ण नाव.”

सगळे माझ्या खांद्यावरून बघत होते. मी माझं नाव लिहिलं, पप्पांचं लिहिलं आणि थांबले. मघाशी म्हातारीला सांगताना वाटली होती, तेवढीच भीती आताही वाटत होती. एकदा सांगून ती कमी झाली नव्हती. मी आडनाव लिहिलं.

सरांनी चष्मा वर सरकवला. तीन शब्द वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ ते कोपऱ्याकडे बघत होते. काका माझ्या खांद्यामागून बाजूला झाले.

“एवढी दाबू नका पेन्सिल,” सर म्हणाले. “कागद फाटेल.”

मी पेन्सिल कागदावरून उचलली. नाव लिहून झालं होतं.