लिवानच्या आजींना शेवंती

मेईची आजी ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण तिच्यासाठी ढसाढसा रडणाऱ्यांत मी आघाडीवर होते.

मेई म्हणजे आमच्या निनादची होणारी बायको. 'होणारी' म्हणजे, तिचे आईबाबा हो म्हणाले तर! ते चीनमधल्या ग्वांगझूहून आमचं अमेरिकेतलं, फ्रीमाँटचं घर नि आम्हाला बघायला येणार होते. त्यांना पटलं नाही तर लग्न नाही, असं मेईनं स्वच्छ सांगितलं होतं.

"आई, प्लीज नॉर्मल वाग," निनाद मला म्हणाला.

आता मी नागपूरची. पाहुणा आला की त्याचं गाव, गल्ली, गोत सगळं उकरून काढलं नाही तर तो पाहुणचार कसला? मेईचं घर लिवानमध्ये. लिवान म्हणजे ग्वांगझूच्या पोटातला जुना भाग. दुकानांपुढे कमानी, कमानींखालून लोकांची ये-जा, खिडक्यांना रंगीत काचा. थेट नागपुरातली आमची जुनी वस्ती, महालच की! मी आठवडाभर व्हिडिओ बघून लिवान पाठ केलं.

"त्यांना त्यांचंच गाव दाखवणार तू?" मुकुंद म्हणाला. (आमचे हे. मूळचे पुण्याचे, त्यामुळे दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतायची हौस!)

"गाव सोडलेल्या माणसाला गावच बघायचं असतं!"

"अगं, विमानात बसेपर्यंत गावातच असतील ते."

मी दुर्लक्ष केलं. मेईकडून गुपचूप त्यांच्या गल्लीचा फोटो मागवला. तिनं पाठवला, त्यात दाराशी तिची आजी उभी. फोटो होता आडवा, मला आवडलेली फ्रेम होती उभी. मोठा करून बसवताना कमानी गेल्या, दुकानं गेली, उरली आजी.

"यात लिवान कुठंय?" मुकुंद.

"मागे बघ ना, खिडकी दिसतेय!"

मग फ्रेमला फुलांची महिरप केली. हार नाही हं! हार कोणाच्या फोटोला घालतात एवढं मला कळतं. दुकानात पांढरी शेवंती छान ताजी मिळाली. लग्नकार्याला शेवंतीसारखं दुसरं फूल नाही! पुढे समई लावली, उदबत्त्या लावल्या. दिवाणखाना असा प्रसन्न दिसायला लागला म्हणून सांगू!

पाहुणे विमानतळावरून थेट आले. निनाद आणि मेई त्यांना दाराशी सोडून गाडी पार्क करायला गेले. (आमच्याकडे गेस्ट पार्किंग मिळणं म्हणजे देव पावणं!) मी दार उघडलं. मेईचे बाबा आत आले, फोटोकडे बघितलं आणि जागच्या जागी थिजले. मग हळूहळू पुढे जाऊन त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. पुन्हा केला. परत केला.

"रीत असेल त्यांची. वाक!" मी कुजबुजले. आम्हीही वाकलो.

तोवर मेईच्या आईनं हुंदका दिला. बाई गं, किती ही गावाची ओढ! मला महालातली आमची गल्ली आठवली आणि माझाही बांध फुटला. मी त्यांना मिठी मारली. त्या रडतात म्हणून मी रडतेय, मी रडतेय म्हणून त्या जास्त रडतायत. मुकुंद टिश्यू वाटत होता.

मेई आत आली आणि किंचाळली. "काकू! आजीला काय झालं? व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

"आजीला? काहून? काय झालं?"

"पांढरी शेवंती आमच्याकडे फक्त फ्युनरलला असते!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बिचाऱ्यांचे फोन विमानात बंद होते. आपण आकाशात असताना आई गेली, अशी त्यांची समजूत झालेली! बाबांनी आजींच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. आता माझीही खात्री व्हायला लागली. देवा, माझ्या शेवंतीच्या पायगुणानं खरंच गेली की काय म्हातारी?

अखेर स्क्रीनवर आजी उगवल्या. तिकडे सकाळ होती. चहाच्या हॉटेलात बसल्या होत्या, तोंडात आख्खं डंपलिंग! 'माणसाला सुखानं खाऊ देत नाहीत' अशा अर्थाचं काहीतरी ओरडल्या. बाबा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

प्रकार कळल्यावर आजींनी फोटो बघायला मागितला. बराच वेळ बघितला. मग काहीतरी बोलल्या. मी मनात म्हटलं, संपलं! निनाद, पोरा, माफ कर रे तुझ्या आईला.

मेई हसू दाबत म्हणाली, "आजी म्हणतेय, फोटो मस्त आहे. आजोबा गेले तेव्हासुद्धा एवढी फुलं नव्हती. आणि कधी न बघितलेल्या म्हातारीसाठी जी बाई एवढी रडली, तिच्या घरी मुलगी द्यायला हरकत नाही."

मी महालासाठी रडत होते, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. लग्न ठरलंय, लिवानमध्येच! आजींची माझ्यासाठी एकच अट आहे: वरमाईनं रिकाम्या हातानं यायचं, आणि त्यांचा फोटो काढायचा नाही.